पाळणा तिथं थांबत नाही

नाशिकरोड,
रविवार, १७ डिसेंबर १९७८

ती. मालनआत्या हिला खेमाचा सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. ११ तारखेला मी तुला लिहिलं होतं, की आमच्या नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात टेपमशीन अडकलं आणि गाणं मध्येच बंद पडलं. मशीन अडकलं नव्हतं. ते मी बंद केलं. बोट चुकून लागलं असंही नाही. बटण कुठलं आहे ते बघून, नीट दाबून बंद केलं.

दिवाळीपासूनचं हे माझं चौथं पत्र. तू उत्तर देत नाहीस, पण पत्रं परतही येत नाहीत. म्हणजे ती कळवणला पोचतात आणि कुणीतरी ठेवून घेतं, एवढं मी धरून चालते. ठेवून घेतलेल्या कागदावर खोटं राहू नये म्हणून आजचं पत्र.

नाटकाबद्दल मी तुटक तुटक लिहिलंय, म्हणून पुन्हा सांगते. आमच्या हौशी मंडळाचे चिंतामण सर बँकेत नोकरी करतात आणि नाटकं लिहून बसवतात. यंदाच्या स्पर्धेसाठी त्यांनी धरणात जाणाऱ्या गावाचं नाटक लिहिलं. त्याचं संगीत मी केलं. संगीत म्हणजे गाणी नव्हेत. माणसं बोलत असताना त्यांच्या आवाजाच्या खाली पेटीवर एखादा स्वर धरून ठेवायचा, सरकारी जीप येते तिथं ढोलकी, पाणी चढतंय असं कुणी म्हटलं की काहीच नाही. आपण वाजवतोय हे लोकांना कळता कामा नये, पण वाजवलं नाही तर काहीतरी कमी पडलं असं वाटलं पाहिजे. मला हे काम फार आवडतं. विंगेत बसायचं असतं, कुणी आपल्याकडे बघत नाही.

ढोलकीवर आपले बारकूकाका होते. जलशात आबांच्या पेटीशेजारी बसायचे तेच. आता दात गेलेत, पण हात आहे तसाच आहे.

शेवटच्या प्रवेशात संवाद नाही. आई रिकाम्या घरात एकटी गोधड्यांच्या घड्या घालते आणि मागे एक पाळणा ऐकू येतो. तो पाळणा टेपवर होता. तो संपायच्या आत मी मशीन बंद केलं. आईचं काम करणारी मालिनी क्षणभर थबकली आणि मग तशीच, आवाजाशिवाय, घड्या घालत राहिली.

का बंद केलं ते आज लिहवत नाही. शाळेची वेळ झाली.

हेही खोटं. आज रविवार आहे.

तुझी
खेमा


नाशिकरोड,
शनिवार, २३ डिसेंबर १९७८

ती. आत्या, सप्रेम जयभीम.

निकाल लागला. आमचं नाटक नाशिक केंद्रावर पहिलं आलं, आता मुंबईला अंतिम फेरी. आणि संगीताचं पहिलं बक्षीस मला. परीक्षकांनी भाषणात सांगितलं, की शेवटी पाळणा मध्येच थांबवण्याचं धाडस या मुलीने केलं, त्या शांततेत आम्हाला अख्खं गाव बुडताना दिसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उभी राहिले आणि लगेच खाली बसायला निघाले. मालिनीने मागून दंड धरला.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत मी चिंतामण सरांना म्हटलं, "सर, ते धाडस नव्हतं. मला ते गाणं पुढे ऐकवेना, म्हणून मी बंद केलं."

सर म्हणाले, "अगं, कारण कुणी विचारलंय? परिणाम झाला ना!"

"पण बक्षीस कारणाला दिलंय त्यांनी."

"खेमा, तू गणिताची मास्तरीण आहेस हे इथे विसरत जा बरं. मुंबईला बरोब्बर तिथेच थांबवायचं. तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या शब्दावर. मी खूण करीन."

बारकूकाका ढोलकीची दोरी आवळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आन् खूण केली न्हाई तर मालनबाई पुढं गाईल व्हय?"

सरांना कळलं नाही. मला कळलं.

आत्या, तो आवाज तुझा होता.

आबांच्या ट्रंकेत एक रीळ आहे. डबीवर त्यांच्या अक्षरात 'मालन, १९६२' असं लिहिलंय. देवळालीच्या कुठल्याशा साहेबाचं मशीन एका दिवसासाठी मागून आणलं होतं, असं ते सांगतात. तू खाली बसून गातेस आणि मी तुझ्या मांडीवर असणार, कारण दोनदा माझा खोकला ऐकू येतो. दुसऱ्या खोकल्यानंतर तू गाता गाता मध्येच म्हणतेस, "झोप गं, खेमे." मी सहा वर्षांचीही नव्हते. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, म्हणजे तीन वर्षं मी तुझ्याच कुशीत झोपत होते.

हे रीळ मी आबांना न विचारता घेतलं. तुला तर विचारलंच नाही. नाटकासाठी मी त्या प्रवेशाला सतरा चाली करून बघितल्या होत्या. सतरा हा आकडा बरोबर आहे, वहीत आहेत सगळ्या. एकही चालेना. मालिनी गोधडीला हात लावायची आणि माझी चाल मध्ये येऊन उभी राहायची. मग रीळ लावलं, तर ती न सांगता त्या लयीत घड्या घालायला लागली. मी तुझा खोकल्यानंतरचा शब्द कापला, खोकला कापला आणि बाकीचं वापरलं.

प्रयोगाच्या दिवशी आबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. विंगेतल्या फटीतून ते मला दिसत होते. भोंग्यातून तुझा आवाज आला तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली. माझ्याशेजारी बारकूकाका हळूच म्हणाले, "आज तरी नाव सांगितलंस का गं तिचं?"

तेव्हा मला जयंतीची ती संध्याकाळ आठवली. बायकांच्या बाजूला सतरंजीवर तू बसली होतीस, मी मांडीवर. भोंग्यावरून सांगत होते, की पाळण्याची ही चाल आमच्या धोंडीरामभाऊंची, त्यांचा सत्कार, आणि आबा उठून पुढे गेले. बाकी मला काही कळत नव्हतं. एवढंच आठवतं, की तू मला थोपटत होतीस आणि ते थोपटणं थांबलं. मी मान वर करून बघितलं. तू समोर बघत होतीस.

विंगेत माझा हात तसाच मशीनकडे गेला.

आता कारण लिहून झालं. तरी आणखी एक गोष्ट राहिली आहे. ती याहून वाईट आहे, आणि आज नाही.

खेमा

ता. क. स्पर्धेच्या अर्जात 'संगीताचं शिक्षण कुणाकडे' असा रकाना होता. मी 'वडिलांकडे' लिहिलं. तेही अर्धंच खरं आहे. पेटी आबांनी शिकवली. पण सूर कुठला आणि आवाज कुठला, हे पेटीला हात लावायच्या आधीच मला माहीत होतं.


नाशिकरोड,
रविवार, ३१ डिसेंबर १९७८

ती. आत्या, सप्रेम जयभीम.

हे पत्र तीनदा फाडलं. आता सरळ लिहिते.

ऑक्टोबरमध्ये सरांनी पहिल्यांदा ती टेप ऐकली तेव्हा विचारलं, "कोण आहे ही बाई? परवानगी घ्यावी लागेल. पत्ता दे, मी स्वतः जाऊन भेटतो." मी म्हटलं, "पेठकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या आता नाहीत."

मी तुला मेलेली सांगितलं.

सर तुझ्याकडे आले असते आणि तू नाही म्हणाली असतीस, या भीतीने मी बोलून गेले. बोलताना जीभ अडली नाही, याचंच मला जास्त वाटतं. सर 'अरेरे' म्हणाले आणि तालमीच्या सुरुवातीला सगळ्यांना त्या अज्ञात बाईंसाठी मिनिटभर उभं केलं. मीही उभी राहिले. बारकूकाका तेव्हा आमच्यात आले नव्हते. पुढच्या आठवड्यात आले, टेप ऐकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालन हाय ना गं? का माझ्या कानावर आलं न्हाई?" मी म्हटलं, "आहे काका. कळवणला आहे." ते म्हणाले, "मग ठीक. न्हाई म्हणजे, आवाज तर जिता वाटला."

त्यांनी सरांना सांगितलं नाही. पण तेव्हापासून मी चुकले की ढोलकीवर एक बोट मारतात. मी चुकलेली नसले तरी मारतात.

काल आबांना सगळं सांगितलं. रीळ, बक्षीस, हे मरणाचं खोटं. ते ओसरीत उन्हाला बसले होते. त्यांचा उजवा हात आता थरथरतो, पेटीच्या पट्ट्यांवर बोटं ठरत नाहीत. मी वाजवते आणि ते डाव्या हाताने मांडीवर ताल धरतात. ऐकून झाल्यावर ते उन्हातून सावलीला सरकले. मला वाटलं रागावले.

मग म्हणाले, "त्या जयंतीच्या रात्री घरी आल्यावर तिनं इचारलं व्हतं. दादा, माझं नाव घ्यायला काय झालं व्हतं? म्या म्हनलो, बाईचं नाव भोंग्यावर कशाला." आणि पुढे म्हणाले, "दिवसभर स्टेजवर समतेची गाणी म्हनत होतो बघ. आन् घरात येऊन हे बोललो."

"मग ती काय म्हणाली?"

"तुला उचलून आत घेऊन गेली. दोन महिन्यांनी तिचं लगीन झालं. मुराळी म्हनून तिला माहेरी आनायला गेलो तर तिचे मालक रंगनाथराव म्हनले, ती यायची न्हाई. आत पिठाचा डबा वाजत व्हता. म्हंजे घरातच व्हती."

मी विचारलं, "आबा, पाळण्याच्या शेवटी तुम्ही सा वर येऊन थांबता. पण टेपवर तिसरं कडवं तसं संपत नाही. ती वर अडकल्यासारखी सोडून देते. मला तुमचा शेवट नेहमी डब्यावर झाकण ठेवल्यासारखा वाटतो. खरं कुठलं?"

ते कसनुसं हसले. "तो शेवट म्या जोडलेला. तिनं तीनच कडवी दिली. चौथं हाय का, इचारलं, तर म्हनली, हाय, पन तुझ्या कामाचं न्हाई. लोकांपुढं चाल मध्येच कशी सोडायची? म्हनून झाकन लावलं."

एवढं बोलून त्यांनी मला पेटी आणायला सांगितली. मी आणली आणि भाता धरला. त्यांनी डाव्या हाताने तिसऱ्या कडव्याचा शेवटचा स्वर धरला आणि सा न वाजवता हात उचलला. तो स्वर ओसरीत तसाच राहिला. शेजारच्या सुमनबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "धोंडीरामभाऊ, पुरं तरी करा की हो!" आबा म्हणाले, "माझ्याकडं न्हाई ते पुरं करायला."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी सरांकडे जाऊन सगळं सांगणार आहे. ते मला काढून टाकतील कदाचित. मुंबईत माझ्या नावाचं बक्षीस आलं असतं तर आबांना किती बरं वाटलं असतं, हा विचार मनात येतो, तो आला हेही लिहून ठेवते.

तू मला क्षमा कर असं लिहिणार होते. नको. आधी तू जिवंत आहेस एवढं मला सगळ्यांना सांगू दे.

खेमा


नाशिकरोड,
मंगळवार, ९ जानेवारी १९७९

ती. आत्या,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. पोस्टमन शाळेत येऊन देऊन गेला, कारण घरी आबांनी ते हातात घ्यायचं धाडस केलं नाही. मधल्या सुट्टीत वाचलं आणि नंतरच्या तासाला सातवीच्या मुलींना अपूर्णांक चुकीचे शिकवले. आज पुन्हा शिकवले.

तुझं अक्षर मी पहिल्यांदा बघितलं. रात्रीच्या वर्गात शिकलीस हे आबांनी काल सांगितलं, मला माहीत नव्हतं. तू काय लिहिलंस ते मी इथे उतरवते, म्हणजे मला चुकीचं कळलं असेल तर तुला दाखवता येईल:

"चि. खेमास, मालनचा आशीर्वाद. मी जिवंत आहे, तब्येत बरी आहे. सहाही पत्रं वाचली. तू मशीन बंद केलंस ते बरोबर का चूक मला ठाऊक नाही. पण पाळणा तिथं थांबत नाही. त्याला चौथं कडवं आहे. ते पोर झोपल्यावर म्हणायचं असतं, म्हणून तुला माहीत नाही. त्या दिवशी मशीनपुढं तू खोकत होतीस, झोपलीच नाहीस, म्हणून मी ते म्हटलं नाही. दादाला म्हणावं, त्याने जोडलेला शेवट बरा आहे, पण माझा नाही."

आबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग चष्मा लावून स्वतः वाचलं. मग बारकूकाकांना बोलावून आणलं आणि म्हणाले, "बरा हाय म्हनली. बघ, लिवलंय." काका म्हणाले, "पुढचं पण लिवलंय की, तिचा न्हाई." आबा म्हणाले, "ते वाचलं म्या. पन बरा हाय म्हनली." मी आत जाऊन चहा टाकला, कारण मला हसायलाही येत होतं आणि दुसरंही.

आत्या, मला आयुष्यभर वाटत आलंय की पाळणा तीन कडव्यांचा आहे. रोज रात्री चौथं होत होतं आणि मी झोपलेली होते. हे मला अजून नीट समजून घेता येत नाही. वहीत लिहून बघितलं, तरी नाही.

सरांना १ तारखेला सगळं सांगितलं. ते आधी फार चिडले. "अगं, मी एका जिवंत बाईसाठी मिनिटभर उभा राहिलो! पाठ दुखत होती माझी!" मालिनी हसली, तसे तेही हसले. मग म्हणाले, की परवानगीशिवाय मुंबईला टेप लावायची नाही, आणि संगीतात नाव माझं एकटीचं लावायचं नाही. मी म्हटलं, हेच सांगायला आले होते. बक्षिसाबद्दल मी परीक्षकांना पत्र लिहिलंय. पाळणा कुणाचा, आवाज कुणाचा आणि ती शांतता कशामुळे, ते लिहिलंय. काय ठरेल ते ठरेल.

आता तू ठरवायच्या गोष्टी. मुंबईच्या प्रयोगाच्या पत्रकाचा मजकूर सोमवारी १५ तारखेला छापायला जातो. त्यात तुझं नाव घालायचं, का पाळणाच नाटकातून काढायचा, हे तू सांगशील तसं. पाळणा काढलास तरी मी दुसरं काही वाजवणार नाही. मालिनी रिकाम्या घरात तशीच घड्या घालील. बारकूकाकांनी मोजलंय, साधारण मिनिटभर लागतं. ते मिनिट मला आता माझं वाटत नाही. तिथं काय असायचं हे तुलाच माहीत आहे, आणि ते तुला कुणाला द्यायचंच नसेल तर तेही बरोबर आहे.

पण मला ते ऐकायचंय, म्हणून मी येते आहे. नाटकासाठी नाही. हे लिहिताना मी स्वतःला दोनदा विचारून घेतलं, नाटकासाठी नाही हे खरं आहे का. थोडंसं नाटकासाठी आहे. बाकीचं माझ्यासाठी.

पेटी आणणार नाही, मशीनही नाही. आबा लहानपणी म्हणायचे, गळ्यात बसल्याशिवाय बोटांना द्यायचं नाही, नवी चाल शिकायला बसताना हात रिकामे हवेत. ही रीत त्यांची म्हणून मी सगळ्यांना सांगत आले. काल विचारलं, तर म्हणाले, "ती पन तिचीच."

आबा येत नाहीत. यायचंय का, असं मी विचारलं. म्हणाले, "तिनं मला बोलावलंय का? तू जा. बोलावलं तर म्या दुसऱ्या दिवशी निघतो." तेव्हापासून त्यांनी कोट उन्हात टाकलाय.

नाशिकच्या स्टँडवरून सकाळी सातची वणीमार्गे कळवण गाडी आहे. संक्रांत असल्याने गर्दी असेल, म्हणून मी सहालाच जाऊन उभी राहीन. दहापर्यंत तुझ्या दाराशी येते. तुला दार उघडवलं नाही तर मी ओट्यावर बसेन आणि आत पिठाचा डबा वाजला तरी वाईट वाटून घेणार नाही. परतीची गाडी साडेचारला आहे. तोवर जागी राहीन.

रंगनाथमामांना जयभीम.

तुझी खेमा

ता. क. यायचा दिवस लिहायचा राहिला: रविवार, १४ जानेवारी.